प्रकरण चौदावे : सवतीचा टाक

भाकरीचं तबक सगळ्यांत आधी आजीपुढे न्यायचं, हे आदर्शनं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. शालूबाईंना ऐंशी वर्षं पुरी झाली म्हणून घरी उपकारस्तुतीची उपासना, त्यांच्यासाठी गच्चीवर मांडव, त्यांच्यासाठी जमलेली साठ माणसं. मग पहिला घासही त्यांचाच. त्यानं वाकून तबक पुढे केलं. आजीनं नातवाकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पुढं ने," ती म्हणाली.

तिला दिसलं नसावं असं आदर्शला वाटलं. "आजी, भाकर."

"दिसती मला. पुढं ने म्हणते न्हवं."

शालूबाई हळू बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पस्तीस वर्षं मिशनच्या बायबलबाई म्हणून कागल-मुरगूडकडची खेडी पायी तुडवलेली बाई. तिचा आवाज चावडीवरून वेशीपर्यंत जायचा, तो गच्चीच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला यात नवल नव्हतं. हार्मोनियमवाल्याची बोटं थांबली. येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी मिळून खायची ही प्रभुभोजनाची भाकर माणूस दोनच कारणांनी नाकारतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक तर त्याचं कुणाशी बिनसलेलं असतं, नाहीतर त्याच्या मनावर काही पाप असतं. साठ डोकी लगेच कामाला लागली. उपकारस्तुतीला आलेल्या माणसांना याहून चविष्ट काय मिळणार होतं?

भाकर मोडून देणारे आकाराम पाळक टेबलामागे उभे होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी मंडळीत त्यांच्याच शब्दाला वजन. त्यांनी आदर्शच्या वडिलांकडे, अमरसिंहांकडे, एकवार बघितलं आणि लोकांना सांगितलं, "तुम्ही गाणी म्हणा. आम्ही जरा खाली जाऊन येतो."

घोटाळ्याची सुरुवात अर्ध्या तासापूर्वी झाली होती, आणि ती केली होती आदर्शच्या आईनं, संयोगितेनं, तीही अगदी प्रेमानं.

मुरगूडहून बाळासो आला होता. शालूबाईंच्या सावत्र भावाचा हा मुलगा, देवाधर्माचा, घरी देव्हारा असलेला. वर्षाकाठी गुळाची ढेप देऊन जाण्यापलीकडे त्याचं येणं-जाणं नव्हतं. त्यानं लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी संयोगितेच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आत्याला द्या." संयोगिता मिरजेची, चार पिढ्यांची ख्रिस्ती. तिनं फडकं सोडलं तर आत रुपयाएवढी चांदीची पातळ चकती, तिच्यावर उठावाची एक बाई. तिला वाटलं, ऐंशीव्या वाढदिवसाची चांदीची भेट आहे. मुरगूडकरांची भेट चारचौघांना दिसावी, त्यांचा मान राहावा, म्हणून तिनं ती नेऊन ठेवली कुठं, तर प्रभुभोजनाच्या पांढऱ्या कापडावर, भाकर आणि द्राक्षरसाच्या पेल्यांच्या बरोबर मध्ये.

अमरसिंहांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. हा टाक, देव्हाऱ्यात पुजायची प्रतिमा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, टाक रुमालात चिमटीनं धरून उचलला आणि सगळ्यांदेखत बाळासोच्या हातावर ठेवला. "हे आमच्या टेबलावर चालत न्हाय," ते म्हणाले.

बाळासोनं मान खाली घातली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. पण तोही त्याच रक्ताचा. "दादा," तो म्हणाला, "ही देवी न्हवं. ही आत्याची आई हाय."

मग त्यानं शालूबाईंसमोर उकिडवं बसून थोडक्यात सगळं सांगितलं. शालूबाईंना जन्म देऊन त्यांची आई गेली. तान्ही पोर जगत नव्हती म्हणून बापानं ती कोल्हापूरला मिशनच्या बायकांच्या ओटीत घातली, आणि स्वतः दुसरं लग्न केलं. त्या दुसरीच्या गळ्यात रीतीप्रमाणे पहिलीचा टाक बांधला, सवतीचा टाक. "माझ्या आज्जीनं त्यो मरंस्तवर गळ्यातनं काढला न्हाय. पहिला घास त्याला लावल्याबिगर कधी जेवली न्हाय. मागनं त्यो देव्हाऱ्यात गेला. आता माझी पोरं पुण्याला. माझ्या मागं कोण करणार? नदीत सोडायचा जीव हुईना. तुमची हाय, तुमीच ठेवा."

शालूबाईंनी हात पुढे केला. आईचा फोटो नाही, आईचं लुगडं नाही, आईचं तोंड कसं होतं हे सांगणारं माणूसही आता उरलेलं नाही. त्यांनी टाक डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि पदराच्या टोकाला बांधला. आकाराम पाळकांनी घसा खाकरला आणि उपासना जणू काही झालंच नाही अशी पुढे सुरू केली. आदर्शला आता वाटत होतं, त्याच वेळी कुणीतरी थांबायला हवं होतं. थांबायला हवं होतं ते त्यानंच.

खालच्या खोलीत शालूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पाळकसाहेबांना खुर्ची दिली. अनुजा आत्या खिडकीशी उभी राहिली. तिनं सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्सगिरी केलेली, गडबडीच्या वेळी हाताची घडी घालून गप्प उभं राहायची तिची सवय. बाळासो उंबऱ्याबाहेर घुटमळत होता. आदर्शच्या हातात तबक तसंच होतं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

"आई, मी वर जाऊन सांगतो, तुझी तब्येत बरी न्हाय," अमरसिंह म्हणाले.

"खोटं सांगू नगंस. तब्येत ठणठणीत हाय माझी."

"मग झालं काय? रुमालानं धरलं म्हणून राग आला? चुकलं माझं. पण ते तिथं ठेवायची वस्तू हाय का ती?"

"ती वस्तू न्हाय."

शालूबाईंनी आदर्शकडे बोट केलं. "मला ह्याला एक इचारायचं हाय. पाळक व्हायला निघालाय न्हवं? माझी आई कुठं हाय, एवढं सांग. मग भाकर खाते."

येत्या शुक्रवारी पाळकपदाच्या दीक्षेच्या समितीसमोर आदर्शची तोंडी परीक्षा होती. समितीचे अध्यक्ष समोरच्या खुर्चीत बसले होते. शिफारशीच्या कागदावर मंडळीतर्फे सही करायची होती ती मंडळीचे सचिव म्हणून वडिलांनी. आणि नेमका हाच प्रश्न तिथं विचारला जातो, हे चार वर्षं पुण्याच्या सेमिनरीत काढलेल्या प्रत्येक पोराला माहीत होतं: ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावच गेलं नाही, त्यांच्या तारणाचं काय? त्याचं उत्तर चार पानांचं होतं. अमरसिंहांनी ते शिरोलीच्या आपल्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप करून घेतलं होतं, आणि आदर्शला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

पण तो तोंड उघडायच्या आत अमरसिंह बोलले. "आई, हे तू विचारतीस? पस्तीस वर्षं गावोगाव तूच शिकवलंस. दुसऱ्या कुठल्या नावानं तारण न्हाय."

"मी तुला इचारलं न्हाय."

"मी सांगते," अनुजा आत्या खिडकीशीच राहून म्हणाली. "जिला नावच कळलं नाही, तिला त्या नावासाठी दोषी कसं धरायचं? तिच्या मनात देवानं जेवढा उजेड दिला तेवढ्याचा हिशोब. बायबलात पौलानंच लिहून ठेवलंय, ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेलं असतं."

"व्हय का?" अमरसिंह बहिणीकडे वळले. "मग आईनं पायताणं झिजवली कशाला? न ऐकता माणूस तरत असंल, तर ऐकवायचं कशाला? ऐकलं आन मानलं न्हाय तर अडकला, ऐकलंच न्हाय तर सुटला. म्हंजे शुभवर्तमान सांगून आईनं लोकांना धोक्यात घातलं म्हण की."

दादा चुकीचं बोलत असेल तेव्हाही मुद्दा मात्र बिनतोड काढतो, याचा अनुजाला लहानपणापासून राग होता. ती पुन्हा हाताची घडी घालून उभी राहिली.

"माझी आई म्हणायची," संयोगिता दारातून चाचरत बोलली. नवऱ्यासमोर धर्माच्या गोष्टीत ती कधी तोंड घालत नसे. "वधस्तंभानंतर प्रभू खाली मेलेल्यांच्यात गेला आणि तिथं त्यांना सांगितलं. मग ज्यांना इथं ऐकायला मिळालं नाही, त्यांना तिथं..."

"ते वेगळं," अमरसिंह म्हणाले.

"वेगळं कसं?"

अमरसिंहांनी तिच्याकडे असं बघितलं, की टाक टेबलावर ठेवल्याचा हिशोब अजून बाकी आहे हे तिला कळावं. एरवी ती मागे सरली असती. आज तिनं कोपऱ्यातलं स्टूल उचललं, उंबऱ्यापाशी नेऊन ठेवलं आणि बाळासोला म्हणाली, "बसा भावजी. उभं कशाला?"

बाळासो बसला. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून त्यानं इतका वेळ सगळं ऐकलं होतं. "मला एक कळंना," तो म्हणाला. "माझ्या आज्जीनं आपल्या सवतीला चाळीस वरसं पहिला घास दिला. तिच्यावरनं कधी वाईट शबुद काढला न्हाय. ती बी न्हाय व्हय तुमच्या वरच्या घरात? आन मी तर तुमचं समदं ऐकलंय. आत्यानंच ऐकवलंय. मग माझं तर कामच झालं म्हणायचं."

"बाळासो, तुमी जरा बाहेर बसा," अमरसिंह म्हणाले.

"त्यो हितंच बसंल," शालूबाई म्हणाल्या.

गच्चीवर दुसरं गीत संपून तिसरं सुरू झालं. हे सात कडव्यांचं होतं. वरच्या मंडळींना आता गाण्यात रस उरलेला नाही हे आवाजावरून कळत होतं. अर्धे गात होते आणि उरलेले जिन्याकडे कान लावून बसले असणार.

"पाळकसाहेब, तुमी सांगा की," अमरसिंहांनी शेवटी आकाराम पाळकांना मध्ये घातलं.

पाळकांनी काठीवरचे हात हलवले नाहीत. "तिनं आदर्शला विचारलंय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, माया नव्हती. शुक्रवारची परीक्षा इथंच सुरू झाली, हे आदर्शला कळून चुकलं.

त्यानं तबक पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि चार पानांतलं पहिलं वाक्य मनात जुळवलं. पण जिभेवर आलं ते शेवटच्या पानावरचं, सगळ्यांत मऊ. "आजी, सगळ्या जगाचा न्याय करणारा अन्याय करील असं होईल का? त्याच्यावर सोपवलं की..."

"नगं," शालूबाईंनी हात वर केला. "त्या वाक्याच्या आडोशाला मी लय वरसं बसलीया. मला म्हाईत हाय त्यो आडोसा केवढा हाय."

मग बोलल्या त्या कुणा एकाशी नाही. "मुरगूडच्या पल्याडच्या वाडीत हौसाबाई म्हणून बाई हुती. वरीसभर माझं ऐकाय यायची. येताना माझ्यासाठी भाकरी आन खर्डा आणायची. बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं तिचं. आदल्या आठवड्यात मला म्हणाली, बाई, मी पाण्यात उतरते, पण माझा मारुती कुठं हाय? एकोणीस वरसाचा पोरगा. उसाला पाणी पाजाय गेलता, सापाचं पान लागलं, गेला. मी त्या गावात पाय ठेवायच्या आदल्या साली. त्यानं येशूचं नाव कुठनं ऐकायचं?"

"आई, हे कधी बोलली न्हाईस तू," अनुजा म्हणाली.

"काय बोलू? मी उत्तर दिलं. पाठ हुतं मला. म्हणलं, हौसाबाई, त्यो हरवला. तू तर वाच." शालूबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "तिनं आणलेली भाकरी उचलली, घरात गेली आन दार लावलं. परत कधी आली न्हाय. आन मला तवा बरं वाटलं रं. वाटलं, भिडंला पडले न्हाय, खरं तेच बोलले. चाळीस वरसं मला तेच वाटत हुतं. आज ह्यानं माझ्या आईला रुमालात धरून उचललं, तवा मला कळलं मी त्या बाईच्या पोराला कसं उचललं हुतं."

अमरसिंह भिंतीकडे बघू लागले. ते वाईट माणूस नव्हते. आईच्या पायाला फोड आले की लहानपणी तेच कोमट पाणी घेऊन बसायचे, आणि त्या पायपिटीला काही अर्थ होता या एका विश्वासावर त्यांनी सगळा जन्म रचला होता. आदर्शला वडिलांची दया आली आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

"आता सांग," शालूबाई नातवाला म्हणाल्या. "हौसाबाई म्होरं बसलीया असं समज. काय सांगशील तिला?"

वरचं गीत संपलं. नवं कुणी सुरू केलं नाही. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, आणि मग गच्चीवरून काहीच ऐकू येईना. आदर्शनं वडिलांकडे पाहिलं. त्यांचे ओठ किंचित हलत होते. चार पानांचं पहिलं वाक्य ते त्याच्यासाठी पुटपुटत होते. त्यानं आकाराम पाळकांकडे पाहिलं. ते काठीकडे बघत होते. चार वर्षांचा अभ्यास, आईनं प्रार्थनेत घालवलेल्या पहाटा, शिवून तयार असलेला पांढरा झगा, हे सगळं त्या एका वाक्याच्या पलीकडे ठेवलेलं होतं आणि तो हात लांब करून ते घेऊ शकत होता. ते वाक्य खोटं होतं असंही नाही. पण समोर ऐंशी वर्षांची पोर आपल्या आईबद्दल विचारत बसली होती.

तो आजीसमोर जमिनीवर बसला.

"येशूशिवाय तारणारा दुसरा कुणी मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "पण तुझी आई कुठं हाय, ते मला म्हाईत न्हाय, आजी. मारुती कुठं हाय तेही न्हाय. खरंच म्हाईत न्हाय."

अमरसिंहांनी डोळे मिटले.

शालूबाईंचा चेहरा गोळा झाला आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना रडताना आदर्शनं आजोबांच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

"एवढंच सांगायचं हुतं रं मला तिला," त्या म्हणाल्या. "तिच्याजवळ बसायचं आन एवढंच सांगायचं हुतं. ते सोडून समदं सांगितलं."

संयोगितेनं पाणी आणलं. शालूबाईंनी दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि एकदम आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाळासो, हौसाबाई हाय का रं अजून?"

"हाय की. लेकीकडं असती, मुरगुडातच. डोळ्यानं दिसत न्हाय आता तिला."

"कानानं ऐकू येतं न्हवं? मग गाडी काढ."

"आत्ता?" अमरसिंह म्हणाले. "आई, वर साठ माणसं बसल्यात. तबक अर्ध्यात थांबलंय."

"म्हणूनच आत्ता. तुझ्याइरुद्ध कुणाच्या मनात काही असंल, तर अर्पण वेदीपाशी ठेव आन आधी त्याच्याकडं जा, हे पाठ केलंस न्हवं लहानपणी? मीच करून घेतलंय तुझ्याकडनं."

त्या उठल्या. अनुजा आत्यानं पुढे होऊन त्यांच्या चपला समोर सरकवल्या आणि स्वतःची पर्स खांद्याला लावली. न विचारता तीही निघाली होती. त्याच वेळी खुर्ची करकरली. आकाराम पाळक काठी टेकत उभे राहत होते. उठायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"पाळकसाहेब, तुमी कुठं?" अमरसिंहांनी विचारलं.

"शालूबाईंनी ते उत्तर प्रश्नोत्तरीतून पाठ केलं होतं," पाळक म्हणाले. "बायबलबायांसाठी ती प्रश्नोत्तरी मी लिहिली. सदतिसावा प्रश्न." ते बाळासोकडे वळले. "तुमच्या गाडीत मागं जागा हाय का, पावणं?"

"हाय की. या," बाळासो म्हणाला आणि त्यानं त्यांच्या दंडाखाली हात घातला.

दारात पाळक आदर्शपाशी थांबले. तो काहीतरी अपेक्षेनं उभा राहिला, पण त्यांनी धीराचा शब्द दिला नाही. "शुक्रवारी हाच प्रश्न येईल," एवढंच म्हणाले. "समितीत आम्ही पाचजण आहोत. बाकीच्या चौघांचं मी काही सांगू शकत नाही."

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. खोलीत आदर्श, त्याचे आईवडील आणि तबकावरच्या कापडाबाहेर सुकत चाललेली भाकर एवढंच उरलं.

"शुक्रवारी तिथंही हेच बोलणार?" अमरसिंहांनी विचारलं.

"व्हय."

"मग कागदावर माझी सही मिळायची न्हाय. तुला म्हाईत असावं म्हणून सांगतो." त्यांचा आवाज फुटला, पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही.

"बरं," आदर्श म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढं ते म्हणणं सोपं गेलं नाही.

संयोगितेनं तबकावर कापड सारखं करून ते त्याच्या हातात दिलं. तो जिना चढून गच्चीवर आला. तबक बघून लोक प्रभुभोजनासाठी उठून उभे राहू लागले. हार्मोनियमवाल्यानं भाता उघडला. आदर्शनं तबक पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि हातानंच सगळ्यांना बसायला सांगितलं.

"माझी आजी मुरगूडला गेली," तो म्हणाला. "चाळीस वर्षांमागं तिनं एका आईला तिच्या मेलेल्या पोराबद्दल असं काही सांगितलं, जे तिला म्हाईत नव्हतं. त्याची माफी मागायला गेली. पाळकसाहेबही गेलेत. ती दोघं आली, की भाकर घेऊ."